घरातल्या वडीलधाऱ्यांची झोप मोडते तेव्हा: अल्झायमरच्या दृष्टीनं काय तपासावं, काय बदलावं

पहाटे चारला डोळा उघडतो आणि मग झोपच लागत नाही, अशी तक्रार सत्तरीतल्या माणसानं केली तर पहिला प्रश्न विचारावा: रात्री अंथरुणावर कधी पडता? सातला जेवण आणि साडेआठ-नऊला पाठ टेकणं असं उत्तर आलं, तर सात तासांची झोप झालेली आहे. वय वाढतं तसं झोप लवकर येते आणि जागही लवकर येते, गाढ झोपेचा वाटाही कमी होतो. पासष्टीनंतर सात ते आठ तास पुरतात. अशा माणसाला झोपेची गोळी सुरू करणं म्हणजे नसलेल्या आजारावर औषध देणं.

काळजी करावी अशी झोप वेगळी असते. वर्षानुवर्षं सहा तास किंवा त्याहून कमी होणारी, घोरता घोरता श्वास अडकणारी, रात्रीतून चार-पाच वेळा तुटणारी, किंवा दिवसा झोप आणि रात्री फेऱ्या अशी उलटी झालेली. या झोपेचा आणि अल्झायमरचा संबंध आहे.

संबंध आहे म्हणजे नेमकं काय

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका विसराळू झालेल्या बाईच्या मेंदूत जे पाहिलं तेच आजही या आजाराचं लक्षण मानतात: मेंदूच्या पेशींच्या बाहेर बीटा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते. अमायलॉइड प्रत्येकाच्या मेंदूत रोज तयार होतं. पेशी कामात असताना, म्हणजे जागेपणी, ते जास्त सुटतं आणि झोपेत कमी होतं, हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००९ मध्ये उंदरांवर दिसलं. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला असं आढळलं की झोपलेल्या उंदराच्या मेंदूत पेशींमधली जागा साधारण ६० टक्क्यांनी वाढते आणि अमायलॉइड लवकर वाहून जातं. मात्र २०२४ मध्ये उंदरांवरच्याच दुसऱ्या प्रयोगात झोपेत ही सफाई मंदावलेली दिसली. म्हणजे ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ हे मोबाइलवर फिरणारं वाक्य अजून पक्कं ठरलेलं नाही.

माणसांवरचे पुरावेही आहेत. २०१८ मध्ये २० निरोगी माणसांना एक रात्र जागवून स्कॅन काढले, तेव्हा मेंदूतलं अमायलॉइड सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एवढ्यानं कुणाला आजार होत नाही. लेकीच्या लग्नातलं जागरण, सप्ताहातलं हरिकीर्तन, लातूरला परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा नातू, यांतल्या कशाचीच धास्ती घेऊ नये. विचार करायला लावतो तो २०२१ मधला ब्रिटनचा अभ्यास. सुमारे ८ हजार सरकारी कर्मचाऱ्यांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं. पन्नाशी, साठी आणि सत्तरीत सातत्यानं सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचाच सर्वांत नेहमीचा प्रकार) प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं.

आता याची दुसरी बाजू. विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून अमायलॉइड साचायला लागतं, आणि पुढं झोप-जागेची वेळ सांभाळणाऱ्या पेशीच आजारात मरतात. त्यामुळे झोप बिघडली म्हणून आजार आला की आजार येऊ घातला म्हणून झोप बिघडली, हे एका माणसापुरतं सांगता येत नाही. घरच्यांनी त्या वादात पडूच नये, दोन्ही बाबतींत करायचं काम एकच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी जी १४ कारणं दिली त्यांत झोप नाही, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, अधू नजर, एकटेपण ही आहेत. वडिलांना कानाचं यंत्र लागत असेल तर ते घेऊन देणं हे झोपेच्या महागड्या गादीपेक्षा कितीतरी आधीचं काम.

आधी चौदा दिवस लिहून काढा

नोंद केल्याशिवाय काहीही बदलू नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मोठी चौकट यासाठी पुरते. रोज सकाळी सहा गोष्टी लिहाव्यात: अंथरुणावर कधी पडले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठले आणि कशासाठी, शेवटी कधी उठले, दिवसा किती झोपले, आणि चहा-तंबाखू-गोळ्या कोणत्या वेळी घेतल्या. विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर नोंद दुसऱ्यानं करावी. ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ म्हणणारं माणूस शेजारच्याला तीन तास घोरताना ऐकू येतं. दोघंही खरं सांगत असतात, कारण हलक्या झोपेत आपण जागेच आहोत असं वाटतं.

चौदा दिवसांनी हिशेब मांडा. प्रत्यक्ष झोपेचे तास भागिले अंथरुणात घालवलेले तास, गुणिले शंभर. नऊ ते पाच अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, तर उत्तर ६९ टक्के. ८५ च्या वर असेल तर झोप ठीक आहे. त्याच्या बरंच खाली असेल आणि माणसाची स्मरणशक्ती धड असेल, तर अंथरुणातला वेळ कमी करणं हा सर्वांत लागू पडणारा उपाय. ऐकायला उलटं वाटतं, पण नऊऐवजी अकराला आडवं व्हायचं आणि उठायचं पाचलाच. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते. आठवड्यानं टक्केवारी ८५ च्या पुढं गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्यायची, पुढच्या आठवड्यात आणखी १५. साडेपाच तासांपेक्षा कमी वेळ कधीच ठेवायचा नाही. फिट येणाऱ्यांनी, तोल जाऊन पडणाऱ्यांनी, उन्मादाचा आजार असलेल्यांनी आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनी हा प्रयोग घरी करू नये.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून ओसरीवर बसावं, माळ ओढावी, पेंग आल्यावरच परत यावं. उशाचं घड्याळ मात्र काढून टाका. ‘अडीच वाजले’ हे कळून आजवर कुणाला झोप लागलेली नाही.

दुरुस्ती सकाळपासून

रात्रीच्या झोपेची वेळ सकाळच्या उजेडानं ठरते. रात्री हळदीचं दूध, तळपायाला तेल, सगळं करून पाहणारी माणसं सकाळी आठपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून असतात, तिथंच गडबड होते. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यापासून तासाभरात अर्धा तास ओट्यावर किंवा अंगणात बसवा. काचेआडचा उजेड कमी पडतो, घराबाहेर यायलाच हवं. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो म्हणून वेळ थोडी पुढं सरकेल. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत आटोपा, नंतर ते ऊन त्रासाचंच.

दुपारची झोप मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सुटणार नाही आणि सोडायचंही कारण नाही. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बाहेर करण्यासारखं काही नसतं. पण ती एकदाच, तीनच्या आत आणि अर्धा तास. गजर लावा. चारला झोपून सहाला उठणाऱ्या माणसाची रात्र गेलीच समजा.

शेवटचा चहा तीनला. चहातलं कॅफीन अर्धं ओसरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून पाहुण्यांसोबत सातला घेतलेला अर्धा कप बाराला जागवतो. याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. झोपण्याआधी मिश्री लावून चूळ भरणाऱ्या बायका गावोगाव आहेत, आणि ‘मिश्रीनं बरं वाटतं’ हे त्यांचं म्हणणं खरंही असतं, कारण तलफ भागते. पण निकोटीन उत्तेजक आहे. एकदम सुटत नसेल तर निदान संध्याकाळी सातनंतरची बंद करावी; जर्दा-गुटख्याचंही तेच.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ केली की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर पडते. उन्हाळ्यात कूलर लावलात तर समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साचून कूलर निरुपयोगी होतो. गच्चीवर किंवा माळवदावर झोपायची सवय चांगली, पण विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाला वर झोपवू नका. अंधारात लघवीला उठून कठडा नसलेल्या बाजूला जाणं किंवा जिन्यावरून घसरणं, असे अपघात होतात. त्यांची बाज अंगणात टाका आणि शेजारी कुणीतरी झोपा.

रात्री लघवीला एक-दोनदा उठणं या वयात चालतं. त्याहून जास्त असेल तर साखर तपासा, पुरुषांत प्रोस्टेट पाहा, आणि पायावर सूज असेल तर दुपारी चारच्या सुमारास तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायला सांगा. पायांत साचलेलं पाणी तेव्हाच लघवीवाटे निघून जातं, नाहीतर ते रात्री आडवं झाल्यावर निघतं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, डॉक्टरांना विचारा. रात्री पाय वळवळतात, ओढतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही अशी तक्रार असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, तपासा. लोह कमी असणं हे त्याचं नेहमीचं कारण, आणि ते भरून निघतं.

घोरणं

‘गाढ झोप लागली की घोरतो’ हा समज घातक आहे. मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण करा आणि ऐका. घोरणं थांबतं, दहा सेकंद किंवा जास्त शांतता, मग दचकून मोठा श्वास, असं वारंवार होत असेल तर तो झोपेतला श्वासरोध आहे. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला गाढ झोपेतून वर खेचतो. माणसाला काही आठवत नाही, फक्त सकाळी डोकं जड असतं आणि दिवसा पारावर बसल्या बसल्या पेंग येते. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, औषधांना न जुमानणारा रक्तदाब, वाढलेलं पोट, या खुणा सोबत असतील तर रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यावी. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडकला तर ठीक, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र.

उपाय म्हणून सीपॅप नावाचं हवा दाबणारं यंत्र देतात. ते कपाटात जाऊन पडण्याची कारणं ठरलेली आहेत. मास्क मोठा असतो आणि हवा डोळ्यांत जाते; माप बदलून घ्या. नाक कोरडं पडतं म्हणून पाण्याची टाकी जोडतात आणि तिच्यात बोअरचं पाणी भरतात; आपल्याकडच्या जड पाण्यानं आत पांढरा थर बसतो, डिस्टिल्ड पाणीच वापरा आणि ते रोज बदला. धुळीमुळं फिल्टर लवकर भरतो, तो दर आठवड्याला पाहा. लाइट जाते तिथं इन्व्हर्टरवर चालवताना टाकीचा हीटर बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो. सुरुवातीला दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करावी, मग रात्री किमान चार तास. सौम्य त्रासात नुसतं कुशीवर झोपूनही फरक पडतो. बंडीला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू घाला, उताणं होता येत नाही.

मेडिकलवरच्या गोळ्या

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या गोळ्या झोपेसाठी चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षं घेणारी घरं आहेत. या गोळ्यांनी माणूस पडून राहतो, पण गाढ झोप कमीच होते, सकाळी सुस्ती येते, स्मरण मंदावतं आणि रात्री उठल्यावर तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. मात्र बऱ्याच दिवसांची गोळी उद्यापासून बंद, असंही करू नये. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवडे थोडी थोडी कमी करत आणावी लागते.

दुसरा फसवा गट सर्दीच्या जुन्या गोळ्यांचा. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांनी पेंग येते म्हणून त्या झोपेसाठी देतात. मेंदूत स्मरणाला लागणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या अडवतात. अल्झायमरमध्ये नेमकं हेच कमी झालेलं असतं आणि डोनेपेझिलसारखी औषधं ते वाढवायला दिलेली असतात. एकाच माणसाला सकाळी एक आणि रात्री दुसरी गोळी म्हणजे एकीनं दुसरीचं काम पुसून टाकणं. ॲमिट्रिप्टिलीनही याच जातीची. डोनेपेझिल रात्री घेऊन भयंकर स्वप्नं पडत असतील तर वेळ सकाळची करून घ्या, बहुधा तेवढ्यानं भागतं. मेलाटोनिन सध्या सगळीकडे मिळतं, पण अल्झायमरच्या रुग्णांच्या झोपेत त्यानं फारसा फरक पडल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. पैसे वाया घालवू नका.

रात्रीची लाइट आणि रात्रीचं काम

कृषिपंपाला रात्रीची लाइट असते तेव्हा पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, ऊसतोड टोळीला गाडी भरायला अवेळी उठावं लागतं. तिथं ‘लवकर झोपा’ हा सल्ला देणं म्हणजे थट्टा आहे. करता येईल ते एवढं: साठीपुढच्या माणसाला रात्रीच्या पाळीतून काढा, घरातल्या दोघा-तिघांत रात्री वाटून घ्या, जाण्याआधी संध्याकाळी दीड तास झोप काढा आणि परत आल्यावर त्याच सकाळी तीन-चार तास अखंड झोप द्या, खिडकीला घोंगडी टांगून. आठवड्याची सरासरी सात तासांकडे येते की नाही ते पाहा. शेतावरून येताना तोंडावर ऊन येऊ न देण्यासाठी डोक्यावरचा गमछा पुढं ओढून घ्या. सकाळचं ऊन मिळालं की शरीर दिवस उजाडला असं समजतं.

आजार कळलेला आहे, आणि माणूस रात्री फिरतो

दिवेलागणीच्या वेळी अस्वस्थता वाढणं हे अल्झायमरचं नेहमीचं लक्षण. सावल्या पडल्या की ओळखीची खोली परकी वाटते. म्हणून अंधार पडायच्या अर्धा तास आधीच घरातले सगळे दिवे लावा, हिवाळ्यात साडेपाचला. टीव्हीवरची भांडणं त्या वेळी नकोत. ‘मला गावाला जायचंय’ असा धोशा सुरू झाला की ‘हेच तुझं घर’ म्हणून वाद घालू नका, वाद हरल्यावर आई चिडून उठते. ‘जाऊ की आई, आधी चहा घेऊ’ म्हणत अंगणात एक चक्कर मारून आणा. चहा म्हणून दूधच द्या.

भूक, तहान, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, दुखणारा गुडघा, हे सांगता न आल्यानंही माणूस रात्री फिरतो. आधी ते पाहा, मग गोळीचा विचार.

दाराला नेहमीच्या जागी कडी नको. डोळ्यांच्या टप्प्याबाहेर, अगदी वर किंवा तळाशी बसवा. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ दाराला बांधली की दार हलताच घर जागं होतं, शंभर-दोनशे रुपयांचा सेन्सर घेण्याचीही गरज पडत नाही. बाहेरून कुलूप लावून माणसाला एकटं कोंडू नका. आडावर लोखंडी जाळी, फवारणीची औषधं कुलपात, सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद. खाटेपासून मोरीपर्यंत झिरोचा पिवळा किंवा लाल बल्ब लावा. खिशात नाव, गाव आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद शिवून टाका.

रात्र जागणारी बहुतेक वेळा सूनच असते आणि तिची झोप कुणी मोजत नाही. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मुलानं किंवा लेकीनं घ्यायच्या, हे नावानिशी दिनदर्शिकेवर लिहा. तोंडी ठरवलेलं टिकत नाही.

दवाखान्यात केव्हा, काय घेऊन

एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागणं, माणसं न ओळखणं, मधेच पेंगणं हा अल्झायमर नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, नवी गोळी, ही त्याची कारणं असतात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. रात्री लघवी नको म्हणून म्हाताऱ्यांचं पाणीच तोडलं की मे महिन्यात हेच घडतं. पाणी कमी करू नका, फक्त त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत द्या.

हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत गेलेलं विसरणं वेगळं: तोच प्रश्न दहादा, रोजच्या गल्लीत वाट चुकणं, पगाराचे पैसे मोजता न येणं, पुरणाचा स्वयंपाक मधेच अडणं. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही सुरुवात करायच्या जागा. बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम या तपासण्या आधी होतात. शाकाहारी, माळकरी घरांत बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी आणि ते भरल्यावर काहींचं विसरणं कमी होतं. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारच्याला मारणं होत असेल तर ते आवर्जून सांगा. ती खूण बहुधा अल्झायमरपेक्षा पार्किन्सनच्या गटातल्या आजारांकडे बोट दाखवते आणि औषधं बदलतात.

सोबत तीन गोष्टी न्या: चौदा दिवसांची नोंद, घोरण्याचं चित्रण आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून, शेजाऱ्यानं दिलेल्यासुद्धा. दवाखाना लांब असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ हे मोफत क्रमांक आहेत, दोन्हींवर मराठीत बोलता येतं.